नाचणाऱ्या बहिणीला घरचे नावे ठेवतात

प्रश्न : माझी धाकटी बहीण चौफुल्याच्या कलाकेंद्रात लावणी नाचते. तिच्या पैशावर घर चालतं, पण गावच्या जत्रेला तिला घेऊन जायला घरच्यांना लाज वाटते. सोयरिकीच्या बोलण्यात तिचं नावही काढत नाहीत. काय करावं?
– एक भगिनी, भोंगवली (ता. भोर)

उत्तर : ताई, तुमच्याजवळच्याच वाईच्या यमुनाबाई वाईकरांना लावणीसाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. फडावर शिट्ट्या मारायच्या आणि घरी त्याच बाईला नावे ठेवायची, हा दुटप्पीपणा जुना आहे. त्यात दोष नाचणारीचा नाही.

कायदाही तिच्या बाजूने आहे. कलाकेंद्र म्हणजे डान्सबार नव्हे, पण नाचून पोट भरण्याचा हक्क तिथेही मानला गेला. राज्याने 2005 मध्ये डान्सबारवर बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती रद्दबातल ठरवली आणि बारबालांचा उपजीविकेचा हक्क मानला. 2019 च्या निकालात बक्षिसी देण्यास मुभा मिळाली, नोटा उधळण्यास मात्र नाही.

आता व्यवहाराचे. बिदागी ठरवताना लेखी करार घ्या, पैसे तिच्याच नावच्या खात्यात जाऊ द्या. कार्यक्रमांची पत्रके, फोटो जपा. उतारवयात शासनाच्या कलावंत मानधनासाठी अर्ज करताना पुरावा लागतो. कुणी अश्लील बोलले, अंगाशी आले, तर 112 वर फोन करा.

सोयरिकीत तिचे काम लपवू नका. नंतर कळले की तेच हत्यार होते. तिच्या कमाईचे जेवण चालते, तर जत्रेत तिच्या शेजारी उभे राहण्याची लाज घरच्यांनी सोडावी. सुरुवात तुम्ही करा.