वाचनाचा कंटाळा करणारे मूल

‘‘सर, आमचा धाकटा पुस्तक दिसले की पळ काढतो. त्यास काय करावे?’’ असा प्रश्न पालकसभेच्या दिवशी कोणी ना कोणी विचारतोच. आमच्या हायस्कुलातील मुलांचे अक्षरओळखीचे दिवस केव्हाच मागे पडले. परंतु त्यांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. म्हणून हे चार शब्द आईबापांइतकेच त्या ताई-दादांसाठीही आहेत.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यातला सहा वर्षांचा मुलगा सायंकाळी माझ्याकडे शिकावयास येई. एके दिवशी त्याने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचला, व पुढे ‘डोळा’ हा शब्द ‘डोला’ असा. मला हसू आले. मी हसलो म्हणून इतर मुलेही हसली. त्या दिवसापासून तो पुस्तक उघडी, पण तोंड उघडीना. आठवड्याने तो येईनासा झाला.

मागाहून विचार करिता ध्यानात आले की, मुलाने अक्षर चुकविलेच नव्हते. आगरी-कोळी बोलीत ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्याने छापील शब्द बरोबर ओळखून तो आपल्या आईच्या बोलीत उच्चारला होता. म्हणजे ते खरेखुरे वाचन होते. आणि त्याच वाचनाला मी हसलो होतो.

यावरून मी एक गोष्ट शिकलो. वाचण्यास नाखूश असलेले मूल बहुधा मंदही नसते आणि आळशीही नसते. पुस्तक म्हणजे आपल्या चुका चव्हाट्यावर मांडण्याची जागा, असे त्यास वाटू लागलेले असते. ही भीती घालविल्यावाचून बाराखडी घोकून घेण्यात अर्थ नाही.

आपल्याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला या तत्त्वाचा मोठा दाखला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात. तेव्हा मुलांस दोष न देता या बाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराऊ रानात वर्ग भरू लागला, तो कुरणशाळा या नावाने प्रसिद्ध झाला. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. मूल शिक्षणाकडे येत नसेल, तर शिक्षणाने मुलाकडे जावे, हा त्यातील बोध होय. आता हेच घरी कसे साधावे ते पाहू.

पहिली गोष्ट, आधी कान, मग डोळा. रोज दहा मिनिटे मुलास जवळ घेऊन गोष्ट वाचून दाखवावी व वाचताना ओळीखालून बोट फिरवावे. त्या वेळी परीक्षा घेऊ नये. मूल कंटाळण्यापूर्वीच पुस्तक मिटावे, म्हणजे उद्या तेच मागेल.

दुसरी गोष्ट, मुलाचेच वाक्य लिहून द्यावे. ‘बाबांनी सुरमई आणली’ असे तो म्हणाला की तेच पाटीवर ठळक लिहावे व दोघांनी मिळून वाचावे. त्यात काय लिहिले आहे हे त्यास ठाऊकच असते. म्हणून भीती उरत नाही.

तिसरी गोष्ट, सारी मुळाक्षरे एकदम पुढे टाकू नयेत. ‘ग, म, भ, न’ ही मिळत्याजुळत्या वळणाची अक्षरे आली की मन, नभ, गमन हे शब्द वाचता येतात. त्यांत ‘र’ मिळविताच मगर, नगर, गरम तयार होतात, आणि एका कान्याने मामा व नाना घरी येतात! ऱ्हस्व इकार मात्र सावकाश घ्यावा. तो लिहितात अक्षराच्या आधी आणि उच्चारतात नंतर. तेथे मूल अडखळले तर नवल नाही.

चौथी गोष्ट, बोटांना काम द्यावे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. त्यांनाच धुळाक्षरे म्हणत. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह काढले. तेथील मुले खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी चाचपीत. आपल्या दारी तर ओल्या वाळूची कोसभर लांब पाटी फुकट पसरलेली आहे!

पाचवी गोष्ट, मूल अडले तर क्षणभर थांबावे, आणि तरीही न जमल्यास शब्द आपणच सांगून पुढे जावे. चुलत भावंडाशी तुलना करू नये. मारणे तर सर्वथा वर्ज्य. बराच काळ धीराने शिकवूनही अक्षरांचा घोटाळा सुटत नसेल, तर डोळे व कान तपासून घ्यावेत. डिसलेक्सिया नावाची वाचनाची अडचण हुशार मुलांतही आढळते. तिच्यासाठी जाणत्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

त्या मुलाचे पुढे काय झाले? मी त्याच्या घरी गेलो व ‘‘चूक माझी होती’’ असे त्यास सांगितले. तो काही बोलला नाही. मग आम्ही दोघे ओढून ठेविलेल्या होड्यांकडे गेलो. एका होडीवर ‘जलराणी’ असे रंगविले होते. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, ‘‘जलरानी.’’ मी म्हणालो, ‘‘बरोबर!’’ तेव्हा तो आपण होऊन पुढच्या होडीकडे वळला. पुस्तकी ‘ण’ त्यास पुढे ऐकून ऐकून आला.

विद्यार्थीमित्रहो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर आपल्या धाकट्या भावंडास जवळ बोलवा. दहाच मिनिटे द्या. आणि ते चुकले तर हसू नका.