पालकत्वाचा अर्ज आणि वकिलाची निवड

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाला घरी आणून सांभाळणे हा मायेचा भाग झाला. कायद्याने त्याचा पालक होणे ही निराळी गोष्ट होय. समजा, बंगळुरूच्या इंदिरानगर भागात मामाकडे वाढणाऱ्या एका मुलीच्या नावे सातारा जिल्ह्यात जमीन आहे. मामाने वकील कोठे शोधावा? १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे नववे कलम याचे उत्तर देते. मुलीच्या संगोपनासंबंधीचा अर्ज ती सामान्यतः राहते तेथील न्यायालयातच करावा लागतो. मालमत्तेपुरता अर्ज मात्र दोहोंपैकी कोठेही करता येतो. म्हणून प्रथम बंगळुरूचा वकील गाठणे सोयीचे. सातबाराचा उतारा मराठीत असल्याने त्याचे भाषांतर सोबत ठेवावे.

फीची विवंचना असल्यास आणखी एक वाट आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमान्वये स्त्रिया व बालके, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्यास पात्र ठरतात. मुलीच्या वतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तशी मागणी करता येते.

वकिलाची पारख पहिल्याच भेटीत होते. जमिनीच्या उताऱ्याआधी जो मुलीची शाळा, प्रकृती व इच्छा यांविषयी विचारतो, त्याला कायद्याचे मर्म कळलेले असते. न्यायालय तिचे हित पाहते. ती जाणती असल्यास तिचे मतही विचारात घेते. शिवाय नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून तिची जमीन विकता येत नाही. हे आरंभीच स्पष्ट सांगणारा वकील मामाला कदाचित रुचणार नाही. मुलीला मात्र तोच हवा असतो.