राजुऱ्यात कॉमिक्स वाचायची, तर ₹५०० कुठे घालावेत?

पहिल्याच खेपेला मोठा संच घेऊ नका. मुलाने दोन अंक वाचून सोडले, तर उरलेला संच कपाटात पडून राहतो. ₹५००मध्ये सुरुवात चांगली होते.

फुकट काय मिळते?
बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके आहेत, गोंडीतलीही काही सापडतील. लहान मुलांची आवड आधी इथेच ओळखा.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी
नऊ-दहा वर्षांपासून ‘अमर चित्र कथा’. अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत बहुतेक गोष्टी एकाच अंकात पुऱ्या होतात, म्हणून कुठूनही सुरुवात करता येते. साधा अंक शंभर-सव्वाशेच्या घरात पडतो. एक इतिहासाचा, एक लोककथेचा घ्या, तिसरा मुलाला निवडू द्या. कोणते अंक मराठीत शिल्लक आहेत, ते आधी विचारा.

पुन्हा वाचू पाहणाऱ्यांसाठी
नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव वाचून मोठे झालेल्यांनी ‘राज कॉमिक्स’ची हिंदी पुनर्मुद्रणे बघावीत. ध्रुवची सुरुवात ‘प्रतिशोध की ज्वाला’पासून करा. कथा किती भागांत आहे ते विचारूनच पैसे द्या. सुटा मधला भाग हाती आला तर खर्च वाया जातो. संग्राहकांसाठीची महागडी आवृत्ती नको, साधी पुरे.

वेताळ आणि बहादूरची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४मध्ये सुरू झाली, १९९०मध्ये बंद पडली. जुन्या प्रतीला विक्रेता मागेल तो भाव. मुखपृष्ठ, मधली पाने आणि शेवटचे पान यांचे फोटो मागवा. पान गहाळ असेल तर घेऊ नका.

आणण्याचा खर्च
चंद्रपूरला साध्या एसटीने जाऊन-येऊन एका मोठ्या माणसाला साधारण ₹१०० लागतात. महिलांना तिकीट निम्मे. एक-दोन अंकांसाठी ही खेप परवडत नाही. बाजारहाट किंवा ग्रंथोत्सवाशी जोडून घ्या. पावसाळ्यात वर्धा नदीच्या पुलावरून पाणी गेले की बल्लारपूरचा रस्ता बंद होतो, तेव्हा पार्सलही अडकते.

टपालाने मागवताना विक्रेत्याला ‘ज्ञान पोस्ट’बद्दल विचारा. ३०० ग्रॅमपर्यंत ₹२० अधिक कर, इतका त्याचा दर मे २०२५मध्ये ठरला. दोन अंक त्यात सहज बसतात. मासिके मात्र या सेवेत चालत नाहीत. छापील पुस्तकाच्या किमतीवर जीएसटी नसतो, तेव्हा बिलात तो वेगळा लावला असेल तर जाब विचारा.

हिशेब
तीन अंक सुमारे ₹३६०, टपाल सुमारे ₹५०. उरलेल्या ₹९०मध्ये थोडी भर घालून महिन्याभराने चौथा अंक घ्या. मधल्या काळात मुलाने कोणता अंक दुसऱ्यांदा उघडला ते बघा आणि पुढचे पैसे तशाच गोष्टींवर घाला.