वाट नसलेली टेकडी

आजचं चिंतन : गीता, अध्याय १२, श्लोक ५



दिवाळीत हिंगोलीला घरी गेलो होतो. औंढा नागनाथाचं दर्शन घेतलं आणि जवळची एक टेकडी एकट्यानेच चढायची ठरवली. आईला फोनवर सांगितलं, "मित्र आहे सोबत." खोटं.

मोबाइलच्या नकाशात टेकडी होती, वाट नव्हती. खालून सोपी वाटली. पावसाळ्यानंतर घाणेरी माणसाएवढी वाढते, हे नकाशा सांगत नाही. सॉक्समध्ये कुसळं, हाताला बोरीचे काटे, पायाखाली सुटे काळे दगड. रेंज गेली. एका जाळीत असा अडकलो की पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. बाटलीत घोटभर पाणी. आपण कुठे आहोत हे एकाही माणसाला माहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं आणि पोटात गोळाच आला.

बाराव्या अध्यायात अर्जुन विचारतो, सगुणाची भक्ती करणारे श्रेष्ठ की अव्यक्ताची उपासना करणारे? भगवान दुसऱ्यांना नाकारत नाहीत. तेही मलाच येऊन मिळतात, असं चौथ्या श्लोकात सांगतात. पाचव्यात एवढंच, की त्यांना कष्ट जास्त. देह असलेल्याला ती वाट फार जड जाते. कॉलेजपासून हा श्लोक वाचतोय. त्यातला 'देह' मात्र त्या जाळीत कळला.

याच औंढ्यात नामदेव महाराजांना विसोबा खेचर भेटले. पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा, आणि पाय उचलून ठेवावेत तिथे पिंडी, ही कथा आपण 'देव सगळीकडे आहे' म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. पण नामदेव तिथे गेले का? गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं म्हणून. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, त्यालाही कुणाला तरी विचारावं लागलं. मी तर नकाशाशिवाय कुणालाच विचारलं नव्हतं.

इतक्यात शेळ्यांच्या घंटा वाजल्या. एक म्हातारे बाबा वरून ओरडले, "तिकून कुठं चालला बापू? इकून ये, शेळ्यायच्या मागं!" शेळ्या गेल्या तिथून वाकून, जवळजवळ रांगत निघालो.

माथ्यावर मंदिर वगैरे काही नाही. एक शेंदूर फासलेला दगड, त्यापुढे फुटलेल्या नारळाची करवंटी. म्हणजे लोक येतात की! रेंज आली. आईला फोन लावला आणि आधी खोटं कबूल केलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवलास का?"