विषाणूची ओळख कशी पटते?

"डॉक्टर, हा नेमका कोणता ताप?" असे रुग्ण मला नेहमी विचारतात. सर्दी-खोकल्याचे विषाणू अनेक, लक्षणे मात्र सारखीच. त्यामुळे नुसत्या स्टेथोस्कोपने त्यांची ओळख पटत नाही. पीसीआर चाचणीत आपण ज्याचा शोध घेऊ तोच विषाणू सापडतो, अनोळखी निसटतो. अशा वेळी जनुकीय क्रमवाचन उपयोगी पडते. नमुन्यातील जनुकीय मजकूर अक्षर अक्षर वाचून तो माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहतात.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान येथे न्यूमोनियाने आजारी पडलेल्या प्रौढांच्या फुप्फुसांतील स्रावातून नवा करोना विषाणू असाच सापडला. त्याचा सुमारे ३० हजार अक्षरांचा क्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला आणि त्यावरून पीसीआर चाचण्या तयार झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातील पहिल्या रुग्णांच्या नमुन्यांतूनही हा क्रम वाचला.

साध्या सर्दीला मात्र या तपासणीची गरज नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून ते मनाने घेऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.