चिखल, चाक आणि डोळे

डोंगरउतारावर सायकल चालविणाऱ्याच्या डोळ्यांत जो चिखल जातो, तो बहुधा त्याच्याच पुढच्या चाकाने उडविलेला असतो. स्पर्धेत पुढच्या सायकलस्वाराला दोष देण्याची रीत आहे व तो काही अंशी खराही असतो; परंतु निर्मनुष्य वाटेने एकटा गेलेला स्वारही चेहरा माखूनच परततो. हे कसे घडते ते आधी पाहू, कारण उपाय त्यातूनच निघतात.

टायरच्या खाचांत बसलेला चिखल चाकाच्या मागच्या कडेने वर चढतो आणि सुटताच स्पर्शरेषेच्या दिशेने फेकला जातो. माथ्याच्या किंचित मागे सुटलेला थेंब वर आणि पुढे जातो. आता वाचकास शंका येईल की, पुढे गेलेला थेंब मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत यावा कसा? उत्तर हवेत आहे. लहान थेंब हवेच्या रोधाने झपाट्याने मंदावतो, सायकल मात्र मंदावत नाही. त्यामुळे स्वार आपणच उडविलेल्या चिखलावर जाऊन आदळतो.

येथे वेगाला फार महत्त्व आहे. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग असताना, ४५ अंशांच्या कोनात सुटलेला थेंब जमिनीपासून सव्वा मीटरहून फारसा वर जात नाही. स्वाराचे डोळे त्याहून वर असतात. वेग दुप्पट केला की थेंबाची चढण चौपट होते आणि तो, हवेचा रोध सोडून दिल्यास, तीन मीटरपर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच चढावर कोणाचे डोळे चिखलाने भरत नाहीत. आणि ताशी ३६ किलोमीटर वेगाने उतरणारा स्वार डोळा चोळण्यात दोन सेकंद घालवितो, तेव्हा वीस मीटर वाट न पाहताच ओलांडतो. त्या वीस मीटरांत दगड असतो, मूळ असते, कधी वळणही असते.

आपल्या परिचयाच्या साध्या सायकलीला लांब पत्र्याचे मडगार्ड असते. मग डोंगरी सायकलीला ते का नाही? या खेळाचा एक आरंभ अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, टॅमलपाइस पर्वताच्या परिसरात झाला. तेथील तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरील अनावश्यक भार काढून टाकला, त्यात मडगार्डही गेले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रीपॅक’ नावाची पहिली उतारस्पर्धा झाली. त्या कोरड्या वाटांवर संकट धुळीचे होते. पुढे हा खेळ स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमसारख्या पावसाळी ठिकाणी रुजला, तेव्हा काढून टाकलेल्या वस्तूची आठवण झाली. परंतु पत्र्याचे मडगार्ड परत लावणे शक्य नव्हते. जाड टायर आणि पत्रा यांमध्ये चिकणमाती ठासून बसते व चाकच अडते.

यातून निघालेली युक्ती अगदी साधी आहे. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये, टायरच्या वर, लवचीक प्लास्टिकचा आखूड तुकडा पट्ट्यांनी बांधतात. पूर्वी स्वार जुन्या ट्यूबचा तुकडाही यासाठी वापरीत. टायर व तुकडा यांत बोटभर तरी अंतर हवे. स्प्रिंगचा चिमटा पूर्ण दबला तरी तुकडा टायरला घासता कामा नये, हे घरीच तपासावे. माझ्या मते चष्म्याच्या आधी खर्च करावा तो यावर, कारण चिखल उगमापाशी अडविणे हे चेहऱ्यापाशी अडविण्यापेक्षा सोपे असते.

त्यानंतर शिरस्त्राणाचा पुढे आलेला छज्जा. डबके दिसताच मान जराशी लववावी. दृष्टी मात्र दूरच्या वाटेवर ठेवावी.

चष्म्याची कथा थोडी विपरीत आहे. तो पहिल्या घाटात उपयोगी पडतो, मग माखतो, आतून वाफ धरतो, आणि स्वार वैतागून तो काढून खिशात टाकतो. नेमके त्याच वेळी चिखल सर्वांत जास्त असतो. वाफ धरू नये म्हणून हवेला वाट असलेला चष्मा घ्यावा, जंगलात बिनरंगी काच वापरावी आणि ती कोरड्या हातमोज्याने पुसू नये, कारण वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. बाटलीतले स्वच्छ पाणी शिंपडणे बरे. उतारस्पर्धेतील स्वार पूर्वी बंद गॉगलवर पारदर्शक पापुद्रे चढवीत व माखलेला पापुद्रा ओढून फेकीत. त्याने रानात कचरा होई. दोरी ओढताच स्वच्छ फीत पुढे सरकविणारी गुंडाळी म्हणूनच अधिक सभ्य म्हणावी लागेल.

एवढे करूनही कण डोळ्यांत जातोच. तेव्हा थांबावे. डोळा चोळू नये. चोळल्याने कण स्वच्छमंडलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा काढतो आणि मातीतील जंतूंना व बुरशीला आत शिरण्यास वाट मिळते. शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत अशाच जखमांतून व्रण होऊन दृष्टी गेल्याची उदाहरणे भारतातील नेत्रतज्ज्ञांना चांगली परिचित आहेत. चिखल केवळ माती नसतो. २००८ साली वेल्समधील बिल्थ वेल्स येथील सायकलस्पर्धेनंतर अनेक स्वारांना जुलाब झाले. मेंढ्यांच्या लेंड्या मिसळलेला चिखल तोंडात गेल्याचे कारण तपासात पुढे आले. ज्या वाटेवर गुरे चरतात तेथे स्पर्शभिंगे घालून जाणे तर टाळावेच, कारण भिंगाखाली अडकलेला कण व घाण पाणी तेथेच राहते.

हात धुऊन, पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार नाकाच्या बाजूने बाहेरच्या कडेकडे सोडावी व मधूनमधून पापण्या मिटाव्यात. धुऊनही टोचणी राहिली, उजेड सोसवेना, दृष्टी धूसर झाली अथवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. घरातील जुने थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास बुरशीचा संसर्ग अधिकच बळावतो.