महानगराभोवतीची लहान नगरे आणि एकदिवसीय सहल : एक आर्थिक विवेचन

पर्यटनाचा विचार करताना सामान्यतः विदेशी चलन, हॉटेल व्यवसाय, विमानसेवा आणि प्रसिद्ध स्थळे यांचीच चर्चा होते. सकाळी घरून निघून रात्री परतणारा, लोकल गाडीच्या द्वितीय श्रेणीने प्रवास करणारा आणि मुक्कामावर एक रुपयाही खर्च न करणारा प्रवासी या चर्चेत क्वचितच येतो. वस्तुतः मध्यम व अल्प उत्पन्न गटातील असंख्य कुटुंबांसाठी हाच पर्यटनाचा परवडणारा प्रकार आहे. मुंबईकरांना वसई वा टिटवाळा आणि पुणेकरांना सासवड जसे जवळचे, तशीच लहान नगरे देशातील प्रत्येक महानगराभोवती आहेत. प्रस्तुत लेखात कोलकाता महानगर आणि हुगळी नदीकाठच्या नगरांचे उदाहरण घेऊन एका मूलभूत प्रश्नाचा विचार केला आहे. सहल प्रवाशाला स्वस्त पडते हे खरे. परंतु ज्या नगराला भेट दिली जाते, त्याच्या पदरात काय पडते?

संकल्पनांची स्पष्टता

संयुक्त राष्ट्रांच्या १९६३ च्या रोम परिषदेत 'अभ्यागत' ही व्यापक संज्ञा स्वीकारून तिचे दोन भाग करण्यात आले. किमान चोवीस तास वास्तव्य करणारा तो 'पर्यटक' आणि त्याहून कमी काळ थांबणारा तो 'सहलप्रवासी'. पर्यटन सांख्यिकीविषयीच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये हाच भेद 'मुक्कामी अभ्यागत' व 'एकदिवसीय अभ्यागत' असा मांडला आहे. दोघांच्याही बाबतीत प्रवास नेहमीच्या वावराच्या परिसराबाहेर असणे आवश्यक असते. त्यामुळे चंदननगरहून रोज कोलकात्याला नोकरीसाठी जाणारा कर्मचारी अभ्यागत ठरत नाही; मात्र रविवारी कोलकात्याहून चंदननगरला फिरायला जाणारे कुटुंब अभ्यागत ठरते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. राज्यांकडून मिळणारी देशांतर्गत पर्यटकांची आकडेवारी प्रामुख्याने निवासव्यवस्था पुरविणाऱ्या आस्थापनांच्या माहितीवर आधारलेली असते. जो मुक्कामच करीत नाही, तो अशा नोंदीत येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६५ व्या (२००८-०९) आणि ७२ व्या (२०१४-१५) फेरीत देशांतर्गत पर्यटनाची माहिती कुटुंबांकडून घेण्यात आली. परंतु अशा सर्वेक्षणातून देशाचे व राज्यांचे चित्र मिळते. एखाद्या लहान नगरात वर्षभरात किती माणसे येऊन गेली, हे कळत नाही.

हुगळीच्या पश्चिम तीरावर

पूर्व भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी या मार्गावर धावली. मुंबई-ठाणे रेल्वेनंतर सोळा महिन्यांनी सुरू झालेल्या या मार्गालगतच अनेक युरोपीय सत्तांच्या जुन्या वसाहती आहेत.

हावड्याहून सुमारे २० किलोमीटरवरील श्रीरामपूर १७५५ पासून १८४५ पर्यंत डॅनिश सत्तेखाली होते. येथील मिशन छापखाना १८०० मध्ये आणि महाविद्यालय १८१८ मध्ये सुरू झाले. मराठी वाचकांचा या गावाशी विशेष संबंध आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपुरातच छापला गेला. जवळच्या रिशरा येथे १८५५ मध्ये देशातील पहिली ताग गिरणी निघाली.

सुमारे ३३ किलोमीटरवरील चंदननगर ही फ्रेंच वसाहत होती. १९४९ च्या सार्वमतात तेथील जनतेने भारतात विलीन होण्याचा कौल दिला. १९५० मध्ये प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला आणि १९५४ मध्ये हे नगर पश्चिम बंगालमध्ये समाविष्ट झाले. नदीकाठचा रस्ता, जगद्धात्री पूजा, रोषणाईचे कारागीर आणि जलभरा संदेश ही त्याची आजची ओळख आहे. पुढील चुंचुडा हे डच ठाणे १८२४ च्या करारान्वये इंग्रजांकडे आले. त्यालगत १८६१ मध्ये पूर्ण झालेला हुगळीचा इमामवाडा, बंडेलचे पोर्तुगीज परंपरेचे चर्च आणि बांशबेडियाची अनंत वासुदेव (१६७९) व हंसेश्वरी (१८१४) ही मंदिरे आहेत.

याच तीरावर हावड्याहून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर पूर्व बर्धमान जिल्ह्यातील अंबिका कालना आहे. बर्धमानचे महाराजा तेजचंद्र यांनी १८०९ मध्ये बांधलेली १०८ शिवमंदिरे येथे दोन समकेंद्री वर्तुळांत उभी आहेत. बाहेरील वर्तुळात ७४ आणि आतील वर्तुळात ३४. पंचवीस शिखरांचे लालजी मंदिर आणि भाजलेल्या मातीच्या फलकांनी मढलेले प्रतापेश्वर मंदिर (१८४९) त्यालगतच आहे. कालन्याच्या घाटावरून होडीने नदी ओलांडली की हातमागाच्या साड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शांतिपूरच्या परिसरात पोहोचता येते आणि तेथून सियालदहच्या लोकलने परतता येते. एकाच दिवसात दोन नगरे पाहून होतात.

या नगरांच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. रेल्वे आल्यानंतर नदीवरील वाहतुकीचे आणि त्याबरोबर कालन्यासारख्या बंदरांचे महत्त्व घटले. ताग उद्योग पूर्वीसारखा राहिला नाही. हातमागाला यंत्रमागाच्या कापडाशी स्पर्धा करावी लागत आहे. म्हणूनच सहलीतून मिळू शकणाऱ्या उत्पन्नाचा प्रश्न येथे दुय्यम नाही.

सहल स्वस्त का पडते?

पहिले कारण म्हणजे रेल्वेचे भाडे. उपनगरी द्वितीय श्रेणीचे किमान भाडे ५ रुपये असून जानेवारी २०२० आणि जुलै २०२५ मधील भाडेवाढीतून उपनगरी भाडे वगळण्यात आले होते. प्रवासी वाहतुकीतील तूट रेल्वे मुख्यत्वे मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढते. म्हणजे स्वस्त सहलीचा काही भार मालवाहतुकीच्या दराद्वारे इतर ग्राहकांवरही पडतो.

परंतु केवळ अनुदानावर बोट ठेवणे पुरेसे नाही. सकाळी गर्दी कोलकात्याकडे येणाऱ्या गाड्यांना असते आणि संध्याकाळी कोलकात्याहून सुटणाऱ्या गाड्यांना. सहलप्रवासी नेमका याच्या उलट दिशेने जातो. त्या गाड्या वेळापत्रकानुसार धावणारच असतात. रिकाम्या आसनावर आणखी एक प्रवासी बसल्याने रेल्वेचा सीमांत खर्च जवळजवळ वाढत नाही. गर्दीच्या वेळेसाठी निर्माण केलेल्या क्षमतेचा इतर वेळी होणारा हा कार्यक्षम वापर आहे.

दुसरे कारण म्हणजे मुक्कामाचा खर्च नसणे. तिसरे कारण वेळेच्या संधी खर्चाशी निगडित आहे. रोजंदारीवरील कामगाराला किंवा लहान दुकानदाराला चार दिवसांची रजा म्हणजे चार दिवसांचे बुडालेले उत्पन्न. सुटीच्या एका दिवसात संपणाऱ्या सहलीला हा खर्च फारसा लागत नाही.

एखादे कुटुंब अशा दिवसासाठी १,५०० रुपये देण्यास तयार असेल आणि त्याचा प्रत्यक्ष खर्च ८०० रुपये झाला, तर उरलेले ७०० रुपये हे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य होय. प्रवासखर्चावरून एखाद्या स्थळाचे आर्थिक मूल्य मोजण्याची कल्पना हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये सुचविली. तिलाच प्रवासखर्च पद्धती म्हणतात. या पद्धतीने पाहिल्यास स्वस्त सहलीचे स्थळ कमी मूल्याचे ठरत नाही. त्याचे मूल्य मोठे असते; मात्र त्यातील फारच थोडा भाग त्या नगराच्या हाती पडतो.

नगरात किती पैसा राहतो?

उदाहरणादाखल काही काल्पनिक आकडे घेऊ. एका रविवारी १,००० सहलप्रवासी नगरात आले. प्रत्येकाने ई-रिक्षावर ५० रुपये, जेवणावर १२० रुपये आणि मिठाईवर ३० रुपये, असे २०० रुपये खर्च केले. एकूण खर्च २ लाख रुपये झाला. परंतु बाटलीबंद पाणी, वेष्टनातील खाद्यपदार्थ, रिक्षाचे सुटे भाग असा बराच माल बाहेरून येतो. ही गळती निम्मी मानल्यास स्थानिक उत्पन्न १ लाख रुपये होते. रेल्वेचे भाडे या हिशेबात नाही, कारण ते नगरात येतच नाही.

आता समजा, दर वीस प्रवाशांमागे एकाने थेट विणकराकडून १,२०० रुपयांची साडी घेतली. पन्नास साड्यांची विक्री ६०,००० रुपये होईल. सुताची किंमत वजा जाता यातील ६० टक्के स्थानिक मजुरी व नफा मानल्यास आणखी ३६,००० रुपये नगरात राहतील. प्रवाशांची संख्या एकानेही न वाढता स्थानिक उत्पन्न ३६ टक्क्यांनी वाढले. कचरा वाढला नाही, पाणीही जास्त लागले नाही.

येथे गुणकाचे तत्त्व लागू होते. मिळालेल्या प्रत्येक रुपयातील ३० पैसे पुन्हा स्थानिक वस्तू व सेवांवर खर्च झाले, तर गुणक १ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १.४३ होतो. हेच प्रमाण ६० पैसे झाले, तर गुणक २.५ होतो. याचा अर्थ असा की, लहान नगराच्या दृष्टीने आलेल्या माणसांची संख्या हा एकमेव निकष नव्हे. स्थानिक उत्पादनाशी त्यांच्या खर्चाची सांगड किती घट्ट आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे.

नगरपालिकेची कोंडी

सहलप्रवाशाला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, दिवाबत्ती, स्वच्छ घाट आणि वाहनतळ लागतो. यातील बहुतेक सेवा नगरपालिकेने पुरवायच्या असतात. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत भाग ९-अ आणि १८ विषयांची बारावी अनुसूची समाविष्ट केली. सार्वजनिक आरोग्य व घनकचरा व्यवस्थापन, उद्याने, सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन आणि सार्वजनिक सोयी हे विषय त्या अनुसूचीत आहेत. पर्यटनाचा स्वतंत्र उल्लेख तीत नाही. सातव्या अनुसूचीतील तीन सूचींतही तो नाही.

खर्च नगरपालिकेचा असला, तरी उत्पन्नाचा मार्ग अरुंद आहे. रेल्वेचे भाडे रेल्वेकडे जाते. केंद्र संरक्षित स्मारकाला प्रवेशशुल्क असेल, तर ते केंद्राच्या तिजोरीत जमा होते. वस्तू व सेवा कराची वाटणी केंद्र आणि राज्य यांच्यात होते. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने पंचायत व नगरपालिका आकारतील तेवढाच करमणूक कर राज्य सूचीत शिल्लक ठेवला आहे. पण घाटावर फेरफटका मारणाऱ्या माणसावर करमणूक कर लावता येत नाही. परिणामी, खर्च एका स्तरावर आणि महसूल दुसऱ्या स्तरावर अशी विसंगती निर्माण होते. वित्तीय संघराज्याच्या अभ्यासात तिला उभा असमतोल म्हणतात.

खासगी वारशाचा प्रश्न याहून बिकट आहे. जुन्या वाड्याची शोभा प्रत्येक प्रवाशाला विनामूल्य मिळते, मात्र छपराच्या दुरुस्तीचा खर्च मालकालाच करावा लागतो. धन बाह्यतेचे हे स्पष्ट उदाहरण आहे. मोबदला मिळत नसल्याने वाडा पाडून तेथे सदनिका बांधणे मालकाला फायद्याचे वाटते. पश्चिम बंगालमध्ये २००१ च्या अधिनियमान्वये वारसा आयोग आहे, परंतु सूचीत नाव आल्याने दुरुस्तीचा पैसा आपोआप उभा राहत नाही.

धोरणाची दिशा

देशाचे पहिले पर्यटन धोरण १९८२ मध्ये जाहीर झाले. २००२ च्या राष्ट्रीय पर्यटन धोरणाने स्वागत, सूचना, सुविधा, सुरक्षा, सहयोग, संरचना आणि सफाई ही सात सूत्रे मांडली. २०१४-१५ मध्ये स्वदेश दर्शन आणि प्रसाद या योजना सुरू झाल्या. स्वदेश दर्शनचा भर प्रारंभी विषयाधारित परिपथांवर होता. नव्या स्वरूपात तो एकेका स्थळाच्या विकासावर आला. जानेवारी २०१५ ते मार्च २०१९ या काळात राबविलेल्या हृदय योजनेत १२ वारसा शहरे होती. त्यांत हुगळीकाठचे एकही नगर नव्हते.

श्रीरामपूरचा अनुभव मात्र मार्गदर्शक आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहकार्याने तेथील डॅनिशकालीन वास्तूंचे जतन झाले. सेंट ओलाव्ह चर्चच्या जतनकार्यास २०१६ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. पडझड झालेली अठराव्या शतकातील डेन्मार्क टॅव्हर्न ही वास्तू दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उपाहारगृह म्हणून खुली झाली. जतन केलेल्या वास्तूला उत्पन्नाचे साधन जोडले, तर तिच्या देखभालीची तरतूद होऊ शकते, हा यातील महत्त्वाचा धडा होय.

या विवेचनातून पुढील उपाय सुचतात :

१. रेल्वेच्या तिकीटविक्रीची सुटीच्या दिवसांची आकडेवारी व घाटावरील होड्यांची प्रवासीसंख्या यांच्या आधारे एकदिवसीय अभ्यागतांचा नगरनिहाय अंदाज घ्यावा.

२. राज्य वित्त आयोगांनी अनुदानाचे सूत्र ठरविताना रहिवासी लोकसंख्येबरोबर अभ्यागतांचा भारही विचारात घ्यावा.

३. सरसकट प्रवेशकर न लावता वाहनतळ, मार्गदर्शकासह पदयात्रा आणि होडीची फेरी यांसारख्या प्रत्यक्ष सेवांसाठी माफक शुल्क आकारावे. त्यामुळे पायी फिरणाऱ्या गरीब प्रवाशावर भार पडणार नाही.

४. स्थानक व घाटाजवळ विणकर, मिठाईवाले आणि बचत गट यांच्यासाठी विक्रीची जागा राखून ठेवावी.

५. जगद्धात्री पूजेसारख्या गर्दीच्या दिवसांसाठी नगराच्या धारणक्षमतेचा वेगळा विचार करावा.

समारोप

एकदिवसीय सहल महाग करून लहान नगरांचे भले होणार नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबालाही देशाचा वारसा पाहता यावा, हे सार्वजनिक धोरणाचे योग्य उद्दिष्ट आहे आणि स्वस्त लोकल गाडी ते साध्य करते. उणीव आहे ती दुसऱ्या टोकाला. येणारा माणूस मोजला जात नाही, त्याच्यावरील खर्चाची भरपाई नगरपालिकेला मिळत नाही आणि त्याची खरेदी स्थानिक उत्पादकापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. या तीन उणिवा दूर झाल्या, तर प्रवाशाची सहल स्वस्त राहूनही कालन्याच्या विणकराला काम आणि चुंचुड्याच्या जुन्या वाड्याला छप्पर मिळू शकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'मुक्कामी अभ्यागत' व 'एकदिवसीय अभ्यागत' यांतील फरक सांगून पर्यटन सांख्यिकीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट करा.

२. गळती आणि गुणक या संकल्पनांच्या साहाय्याने लहान नगरांवरील पर्यटनाचा आर्थिक परिणाम विशद करा.

३. बाराव्या अनुसूचीतील जबाबदाऱ्या आणि नगरपालिकांची महसुली साधने यांतील विसंगतीची चिकित्सा करा.